फोन उचलणारी माणसं

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मसुदा)



आत्महत्येच्या विचारात सापडलेल्या माणसासाठी स्वयंसेवकांनी चालवलेली जी टेलिफोन सेवा असते, तिचा इतिहास आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत. वर्धापनदिनासारख्या आनंदाच्या दिवशी हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. वाटणं साहजिक आहे. पण सगळी घरं एका छताखाली येतात असे दिवस वर्षातून दोन-चारच, आणि हा विषय एरवी कोणत्याच दिवशी निघत नाही. एखाद्या घरात असं घडलं, की आपण बाहेर ‘अटॅक आला’ म्हणून सांगतो. घरच्यांना मग दुःखही उघडपणे करता येत नाही. तेराव्या दिवसापर्यंत माणसं येतात, चहा घेतात, आणि ज्या गोष्टीबद्दल बोलायचं ती सोडून पावसापाण्याचं बोलून जातात.

आधी थोडे आकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १ लाख ७० हजार ९२४ माणसांनी आत्महत्या केल्या. त्यांतल्या २२ हजार ७४६ महाराष्ट्रातल्या होत्या, आणि राज्यांच्या यादीत आपला क्रमांक पहिला होता. मराठवाडा म्हटलं की वर्तमानपत्रं शेतकरी आत्महत्या एवढाच शब्द छापतात. पण याच अहवालात शेतीवर जगणाऱ्या ज्या ११ हजार २९० जणांची नोंद आहे, त्यांत जमीन कसणारे ५ हजार २०७ आणि शेतमजूर ६ हजार ८३ आहेत. म्हणजे मजूर जास्त आहेत. आणि एकूण आत्महत्या करणाऱ्यांत दर चार माणसांमागे एक तरी रोजंदारीवर हात चालवणारा आहे. हे आपल्या वस्तीशी संबंधित आहे म्हणून मुद्दाम सांगतो. शासन २००६ पासून शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत देते. पण त्यासाठी नावावर जमीन लागते, बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज लागतं, वसुलीचा तगादा होता हे दाखवावं लागतं. ज्याला गुंठाभर जमीन नाही त्याचा अर्ज कोणत्या रकान्यात बसणार? गंगाखेड, पालम, सोनपेठकडून दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघणारा, इथल्या नाक्यावर सकाळी उभा राहणारा, फायनान्सवाल्यांचा आठवड्याचा हप्ता पदराखाली झाकून ठेवणारी आपली माय, यांचं मरण मोजलं जातं, पण ते कुणाच्या योजनेत येत नाही.

ज्या सेवेबद्दल आम्ही बोलणार आहोत, तिथे मात्र फोनवर कुणी सातबारा मागत नाही. नावसुद्धा विचारत नाही.

ही गोष्ट सुरू होते इंग्लंडात. १९३५ साली चॅड व्हारा नावाच्या एका तरुण पाद्र्याला नोकरीच्या सुरुवातीलाच एका कोवळ्या मुलीचा दफनविधी करावा लागला. तिने आत्महत्या केली होती. कारण काय, तर तिला मासिक पाळी सुरू झाली होती आणि आपल्याला काहीतरी घाणेरडा रोग झाला अशी तिची समजूत झाली होती. विचारायला कुणी नव्हतं. आई, मावशी, शेजारीण, शिक्षिका यांपैकी कुणी एक वाक्य बोललं असतं तर ती पोरगी जगली असती. व्हारा यांच्या मनातून ही गोष्ट पुढे कधी गेली नाही.

अठरा वर्षांनी, १९५३ साली, त्यांच्याकडे लंडनमधलं सेंट स्टीफन वॉलब्रुक हे चर्च आलं. बाजारपेठेतलं चर्च, रहिवासी वस्ती फारशी नाही, त्यामुळे कामही थोडं. त्या काळी लंडन परिसरात दिवसाला सरासरी तीन आत्महत्या होत असत. आग लागली, चोर आला, तर लोकांना ९९९ हा नंबर माहीत होता. मग जीव द्यावासा वाटला तर फोन कुणाला करायचा? त्यांनी ठरवलं, की तसा एक नंबर आपणच ठेवायचा. ‘मॅन ९०००’ हा लक्षात राहण्याजोगा नंबर त्यांना हवा होता. याची एक गंमत ते स्वतः सांगत. युद्धात पडझड झालेल्या त्या चर्चमध्ये धुळीत एक टेलिफोन सापडला. त्यावरून त्यांनी एक्स्चेंजला फोन लावला आणि हा नंबर मिळेल का विचारलं. तुमचा आत्ताचा नंबर सांगा, असं पलीकडून विचारलं गेलं. त्यांनी धूळ पुसून पाहिलं, तर फोनवर तोच नंबर होता.

२ नोव्हेंबर १९५३ रोजी पहिला फोन आला. डिसेंबरात ‘डेली मिरर’ या वर्तमानपत्राने या कामाला ‘टेलिफोनवरचे भले समॅरिटन’ असं नाव दिलं, आणि तेच चिकटलं. या नावाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. बायबलातल्या कथेत एक माणूस मार खाऊन रस्त्यात पडलेला असतो. पुजारी बाजूने निघून जातो, दुसरा एक मानाचा माणूसही निघून जातो. थांबतो तो समॅरिटन, म्हणजे त्या काळी ज्यांना हलकं समजत, ज्यांचा संपर्क टाळत, त्या लोकांतला माणूस. पडलेल्याला उचलून नेणारा तो असतो. आपल्यासमोर याचा अर्थ उलगडून सांगायची गरज आम्हाला वाटत नाही.

आता या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा भाग. वर्तमानपत्रात बातमी आली तशी माणसं चर्चमध्ये येऊ लागली. फोन वाजतोय, बाहेर रांग लागली आहे आणि ऐकणारा माणूस एकच, अशी अवस्था झाली. त्याच वेळी काही साधी माणसं, ‘आम्ही काही मदत करू का’ म्हणून आली. व्हारा यांनी त्यांना सांगितलं, की बसलेल्यांना चहा द्या, त्यांच्याशी चार शब्द बोला, माझं काम होईपर्यंत. काही दिवसांत त्यांच्या लक्षात आलं, की बाहेर बसलेल्यांतले अनेक जण आत येतच नाहीत. चहा देणाऱ्या माणसाजवळ बोलून, मोकळे होऊन, ते घरी जातात. जे आत येतात त्यांतल्या थोड्यांनाच तज्ज्ञाची गरज असते. तीन महिन्यांनी, २ फेब्रुवारी १९५४ ला, त्यांनी फोन या स्वयंसेवकांच्या हाती दिला.

हे स्वयंसेवक मानसशास्त्र शिकलेले नव्हते, ते रोजच्या कामधंद्यातले साधे लोक होते. आपल्याकडे समजूत अशी, की मन बिघडलं की एक तर डॉक्टर, नाहीतर देवऋषी. मधली जागा कुणाची? ती जागा शेजारणीची आहे, कॉलेजच्या मित्राची आहे, विहारात सतरंजी घालणाऱ्या पोराची आहे. डॉक्टरची गरज नाही असं आम्ही म्हणत नाही. नैराश्य हा आजार आहे, त्याला औषध लागतं, आणि औषध घेण्यात लाज कसली? पण डॉक्टरपर्यंत जाण्याआधी माणूस कुणाला तरी सांगून पाहतो. तो पहिला कुणीतरी कसा वागतो यावर बरंच ठरतं.

म्हणूनच साधी माणसं घेतली तरी त्यांना नियम मात्र कडक लावले गेले. ते नियम आपण नीट समजून घेऊ, कारण ते आपल्या सवयींच्या अगदी उलट आहेत.

पहिला नियम गुप्ततेचा. फोनवर जे ऐकलं ते घरी नवऱ्याला, बायकोलाही सांगायचं नाही. दुसरा नियम: उपदेश करायचा नाही. व्हारा स्वतः पाद्री होते, तरी फोनवर धर्म सांगायला त्यांनी मनाई केली. ज्याचा तो धर्म. फोन करणाऱ्याला तुमच्या धर्माची शिकवण नको असते, कान हवा असतो. तिसरा नियम: न्यायनिवाडा करायचा नाही. दारू प्यायला म्हणून झालं, पोरीने घर सोडलं म्हणून झालं, असले निकाल मनातही ठेवायचे नाहीत. चौथा: सल्ल्याची घाई करायची नाही, निर्णय त्याचा त्याला घेऊ द्यायचा. आणि पाचवा, जो ऐकून आपले लोक दचकतात: सरळ विचारायचं. ‘तुमच्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?’ असं विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे. अभ्यासांतून तसं काही दिसलेलं नाही. उलट विचारलं की माणसाला सुटल्यासारखं वाटतं. इतके दिवस जे एकट्याने धरून ठेवलं, ते कुणीतरी नाव घेऊन विचारलं.

आपण काय करतो ते पाहा. कुणी म्हणालं, ‘आता जगावंसं वाटत नाही,’ की आपण म्हणतो, ‘असं बोलू नये.’ झालं, दार बंद. किंवा, ‘आम्ही याच्यापेक्षा वाईट दिवस काढले, बहात्तरच्या दुष्काळात सुकडी खाऊन जगलो.’ किंवा, ‘लेकराबाळांकडे बघ.’ त्याने लेकराबाळांकडे बघूनच तर झोप घालवलेली असते! आणि एक वाक्य खास आपल्या घरातलं आहे. ‘बाबासाहेबांनी किती सोसलं, आणि तू एवढ्याशाने खचतोस?’ हे बोलणाऱ्याचा भाव चांगला असतो, यात शंका नाही. पण ज्याच्या छातीवर दगड आहे त्याला त्यात एकच ऐकू येतं, की मी कमी पडलो, मी या समाजालाही लाज आणली. बाबासाहेबांचं नाव आधार द्यायला घ्यावं, खाली पाहायला लावायला घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ऐकणाऱ्याचंही एक दुखणं असतं. तासन्‌तास दुसऱ्याचं दुःख ऐकून स्वतःची झोप उडते. म्हणून समॅरिटन्समध्ये पाळी संपली की स्वयंसेवक आपल्या प्रमुखाजवळ मन मोकळं करतो आणि मगच घरी जातो. आपल्या वस्तीत एखादी मावशी सगळ्यांची दुःखं ऐकते. तिचं कोण ऐकतं, हेही कधी विचारावं.

हे काम नंतर जगभर पसरलं. १९५८ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसला डॉक्टर मंडळींनी केंद्र काढलं, १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीला ‘लाइफलाइन’ सुरू झाली. १९७४ मध्ये ‘बिफ्रेंडर्स’ नावाची आंतरराष्ट्रीय संघटना झाली. मूळ समॅरिटन्सचे इंग्लंड-आयर्लंडमध्ये आज सुमारे २० हजार स्वयंसेवक आहेत. व्हारा २००७ साली, ९५ वर्षांचे होऊन वारले.

पण अशा फोनमुळे आत्महत्या खरंच कमी होतात का? प्रामाणिकपणे सांगायचं तर हे मोजणं कठीण आहे. जो वाचला त्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. १९६० च्या दशकात इंग्लंडात आत्महत्या झपाट्याने कमी झाल्या, तेव्हा अनेकांनी श्रेय समॅरिटन्सना दिलं. पुढे १९७० च्या दशकात संशोधकांनी बारकाईने पाहिलं, तर निराळं कारण पुढे आलं. त्या काळी इंग्लंडच्या घराघरात स्वयंपाकाला येणारा गॅस विषारी असे. तो जाऊन हळूहळू बिनविषारी नैसर्गिक गॅस आला, आणि मरणाचं साधन घरातूनच निघून गेलं. माणसांची दुःखं संपली नव्हती. पण त्या एका काळ्या घटकेला हाताशी साधन नव्हतं. घटका टळली आणि बहुतेक माणसं वाचली.

म्हणजे फोन वाया गेला का? आम्ही तसं मानत नाही. फोन ती घटका लांबवतो, आणि साधन दूर असलं तर ती घटका निघून जाते. दोन्ही एकमेकांना पूरक आहेत. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी घातली. वीस वर्षांत तिथला आत्महत्येचा दर सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला, आणि शेतीचं उत्पादन काही घटलं नाही. आपल्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात फवारणीच्या औषधाची बाटली कुठे असते? घरात, खाटेखाली, नाहीतर पत्र्याच्या आडोशाला, हात पुरेल तिथे. मालकाच्या शेतावर फवारणी करणारा आपला माणूस उरलेलं औषधही घरीच घेऊन येतो.

आता भारताकडे येऊ. इथे आधी कायद्याचा अडसर होता. इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत कलम ३०९ घातलं: आत्महत्येचा प्रयत्न केला तर एक वर्षापर्यंत कैद. इंग्लंडने स्वतःचा असा कायदा १९६१ मध्येच काढून टाकला. आपण मात्र तो जपून ठेवला. १९८६ साली मुंबईच्या एका पोलीस शिपायाच्या खटल्यात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने मुंबई उच्च न्यायालयात हे कलम घटनाबाह्य ठरवलं. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच म्हटलं, आणि १९९६ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ते फिरवलं. अखेर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला, २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम ११५ ने सांगितलं, की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरावं, त्याला शिक्षा करू नये, आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्यात जुनं कलम ३०९ राहिलेलं नाही. सरकारी सेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे. हे सगळं इतकं लांबण लावून का सांगितलं? ‘पोलीस केस होईल’ या भीतीने आजही माणसाला दवाखान्यात न्यायला उशीर होतो. त्या उशिराने माणसं जातात. शिक्षेची ती भीती आता मनातून काढून टाका आणि आधी दवाखाना गाठा.

कायदा असा असतानाच १९८६ मध्ये मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईत, डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी ‘स्नेहा’ ही संस्था काढली. त्या स्वतः मनोविकारतज्ज्ञ, पण फोनवर बसवले स्वयंसेवक, समॅरिटन्सच्याच धर्तीवर. महाराष्ट्रात नवी मुंबईत १९९८ मध्ये ‘आसरा’, पुण्यात २००५ मध्ये ‘कनेक्टिंग’ अशा संस्था उभ्या राहिल्या. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या संस्थेची ‘मैत्र’ ही फोनसेवा आहे. मुलांसाठी तर १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून जेरू बिलिमोरिया यांनी ‘चाइल्डलाइन’ सुरू केली. तिचा नंबर १०९८, म्हणजे ‘दस नौ आठ’, उलटी गिनती, लहान पोरालाही पाठ व्हावी अशी. २०२३ पासून ती सेवा शासनाने आपल्याकडे घेतली आहे. नंबर तोच आहे.

ही सगळी नावं पाहिली तर चेन्नई, मुंबई, पुणे, ठाणे. परभणी कुठे आहे? पूर्वी याचं कारण उघड होतं. वस्तीत फोनच नव्हता. किराणा दुकानदाराकडे एखादा, त्याचा ‘पीपी नंबर’ आपण नातेवाइकांना देऊन ठेवत असू. नंतर पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. समोर लाल आकड्यांचं मीटर पळतंय, मागे चार माणसं रांगेत आहेत, बूथवाला ओळखीचा, आणि अशा जागी माणूस पुण्याला ट्रंक लावून आपलं काळीज उघडं करील? म्हणून ही सेवा फार काळ ज्यांच्या घरात फोन त्यांचीच राहिली. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, तरी दुसरी अडचण आहेच. एका खोलीत सहा माणसं, बोलायचं कुठे? मोबाइल नवऱ्याच्या ताब्यात, मग बाईने कधी बोलायचं? शहरातल्या लोकांच्या हे ध्यानात येत नाही.

‘स्नेहा’ची आणखी दोन कामं आम्हाला फोनपेक्षाही मोठी वाटतात. निकालाच्या दिवसांत नापास झालेल्या मुलांच्या आत्महत्या होत. डॉ. विजयकुमार यांनी शासनाकडे पाठपुरावा केला, की एका विषयात गेलेल्या मुलाला वर्षभर घरी बसवू नका, महिन्याभरात पुन्हा परीक्षा द्या. तामिळनाडूत तशी सोय झाली. आपल्या महाराष्ट्रात दहावीची फेरपरीक्षा जुलैमध्ये घ्यायला २०१५ पासून सुरुवात झाली. जून महिन्यात ज्या घरात मार्कशीट आली आणि पोरगा जेवला नाही, त्या घराला या एका सोयीची किंमत विचारा.

दुसरं काम कीटकनाशकाचं. तामिळनाडूतल्या दोन खेड्यांत त्यांनी सामायिक खोली उभी केली. आत कप्पे, प्रत्येक शेतकऱ्याचा एक कप्पा, कप्प्याला कुलूप. एक किल्ली शेतकऱ्याकडे, दुसरी खोली सांभाळणाऱ्याकडे. औषध घरात नाही. हवं असेल तेव्हा चालत जायचं, वाटेत चार माणसं भेटायची, तिथे बसलेल्या माणसाशी बोलायचं. लोक वापरतील का अशी शंका होती, पण लोकांनी ती खोली वापरली. फार खर्चाचं काम नाही हे. पत्र्याची खोली, लोखंडी कप्पे, आणि सांभाळणारा एक भरवशाचा माणूस. आपल्या जिल्ह्यात कृषी विद्यापीठ आहे, ग्रामपंचायती आहेत, बचत गट आहेत. कुणी मनावर घेतलं तर एका गावापासून सुरुवात करता येईल.

मराठवाड्यात काहीच झालं नाही असंही नाही. २०१५ मध्ये राज्य शासनाने आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यात परभणीही होती. आशाताईंनी घरोघर जाऊन विचारपूस करायची, आणि ज्याची अवस्था नाजूक वाटेल त्याला जिल्हा रुग्णालयापर्यंत पोचवायचं, अशी कल्पना होती. कल्पना चांगली. पण आशाताईच्या डोक्यावर आधीच लसीकरण, बाळंतपण, सर्वेक्षण यांचं ओझं; शासन तिला ‘स्वयंसेविका’ म्हणतं आणि मोबदला कामाच्या नगाप्रमाणे देतं. इंग्लंडातला स्वयंसेवक आणि आपली आशाताई, शब्द एकच, पण फरक आपल्या लक्षात आला असेल. धाराशिव जिल्ह्यात विनायक हेगाणा या तरुणाने शेतकऱ्यांसाठी ‘शिवार हेल्पलाइन’ चालवली आहे. फोन घ्यायचा, अडचण कर्जाची की पिकाची की घरची ते पाहायचं, आणि संबंधित खात्यापर्यंत पाठपुरावा करायचा, अशी तिची रीत. आपल्या भागाला हे जास्त लागू पडतं असं आम्हाला वाटतं. कारण इथे दुःखाला अनेकदा कागद जोडलेला असतो: अडलेला विमा, थकलेली मजुरी, रेशनकार्डातलं नाव. नुसतं ऐकून भागत नाही.

आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची ‘टेलिमानस’ ही सेवा आहे. नंबर १४४१६. रात्रंदिवस चालू, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. तिथे स्वयंसेवक नसतात, पगारी समुपदेशक असतात, आणि गरज पडली तर ते मनोविकारतज्ज्ञाकडे जोडून देतात. वीज गेली की वायरमनचा नंबर आपल्याला तोंडपाठ येतो. हा नंबर वस्तीतल्या किती जणांना येतो, ते आपणच एकमेकांना विचारून पाहा.

मग वस्तीने काय करायचं? नवीन फोनकेंद्र काढा असं आम्ही म्हणणार नाही. ते काम शिस्तीचं आहे. प्रशिक्षण लागतं, रात्री जागणारी माणसं लागतात, आणि वर्षभरात बंद पडणारी सेवा सुरू न केलेलीच बरी. पण १९५३ च्या त्या चर्चमधली बाहेरची खोली, जिथे चहा मिळायचा आणि कुणीतरी ऐकायचं, ती आपल्याकडे तयारच आहे. या विहाराची ओसरी तीच आहे. दर रविवारी वंदना झाल्यावर पाच-सहा जणांनी तासभर मागे थांबावं. त्यांत बाया असाव्यात, आणि एखादा दारू सोडलेला माणूस असावा, कारण त्याला निम्मं न सांगता कळतं. कुणी आलं तर ऐकावं. नाव लिहायचं नाही, बाहेर बोलायचं नाही. वस्ती लहान आहे, म्हणून हा शेवटचा नियम सर्वांत अवघड. जो हा नियम मोडेल त्याला त्या कामातून नम्रपणे मोकळं करावं, मग तो समितीचा पदाधिकारी असला तरी.

ज्याच्याबद्दल काळजी वाटते त्याला एकटं सोडायचं नाही. औषधाची बाटली घरातून हलवायची. त्याच्यासमोर बसून १४४१६ लावून द्यायचा, स्पीकरवर नाही, फोन त्याच्या हातात द्यायचा आणि आपण नजरेच्या टप्प्यात पण ऐकू येणार नाही इतकं दूर बसायचं. जीव धोक्यात असेल तर ११२, आणि रिक्षा करून थेट जिल्हा रुग्णालय. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या घरी जायचं, आणि आठ दिवसांनीही, कारण दवाखान्यातून परत आल्यावरचे दिवस सर्वांत नाजूक असतात, आणि नेमके त्याच दिवसांत लोक लाजेने जात नाहीत.

समितीला एकच विनंती. विहाराच्या दारात जो फलक आहे, त्यावर वर्गणीदारांच्या यादीखाली जागा उरली आहे. तिथे १४४१६ आणि १०९८ हे दोन्ही नंबर लिहून घ्यावेत. खडूने नको, पहिल्या पावसात जाईल. रंगाने लिहावेत, आणि आकडे एवढे मोठे असावेत की रस्त्यावरून जाणाऱ्याला न थांबता वाचता यावेत. थांबून वाचताना कुणी पाहील म्हणून माणूस वाचतच नाही.

जय भीम.